उन्हाळी शिबिरात ताई-दादा व्हायचंय? मुलाखतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून एकदाच सगळे एकत्र लिहून ठेवतेय. मी स्वतः सहा उन्हाळे निवासी शिबिरात ताई होते, आणि गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेते. खालची उत्तरं मुळशी, भोर, वाई, कर्जत अशा भागांत होणाऱ्या सहा-सात दिवसांच्या निवासी शिबिरांना धरून आहेत. शहरातल्या दोन तासांच्या छंदवर्गाची मुलाखत बरीच सोपी असते. तिथे रात्र नसते.

१. ताई किंवा दादा म्हणून नक्की काय काम करायचं असतं?

आठ-दहा मुलांचा एक गट तुमच्या नावावर असतो. सकाळी पावणेसहाला त्यांना उठवण्यापासून रात्री झोपवण्यापर्यंत तो गट तुमचा. व्यायाम, नाश्ता, अंघोळीच्या रांगा, हस्तकला, ट्रेक, शेकोटी, सगळीकडे तुम्ही बरोबर. मुलं झोपली की ताई-दादांची मिटिंग, आणि तिथे दुसऱ्या दिवसाचं ठरतं. जाहिरातीत दोरावर लटकणारी हसरी मुलं दिसतात. प्रत्यक्षात निम्मा वेळ हरवलेली चप्पल, न सापडणारं बाटलीचं झाकण आणि ‘ताई, माझा टॉवेल हिनं घेतला’ यात जातो. मुलाखत याच निम्म्या वेळाबद्दल असते, हे डोक्यात ठेवून आलात तर अर्धी तयारी झाली.

२. मुलाखती कधी होतात? मध्येच माझी परीक्षा आली तर?

फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू करून मग सुट्टी देतात. त्यामुळे तुकड्या एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात.

खरी अडचण तुमच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकाची असते, कारण ते उशिरा लागतं. लपवू नका. ‘१० मेनंतर मी पूर्ण मोकळा आहे’ असं सांगणारा मुलगा आम्हाला चालतो. ‘जमवतो काहीतरी’ म्हणणारा तुकडीच्या तिसऱ्या दिवशी पेपरला पळतो, आणि मग त्याच्या गटातली मुलं दिवसभर ‘दादा कुठे गेला?’ विचारत बसतात. तीन तुकड्या अर्ध्या-अर्ध्या करण्यापेक्षा एक पूर्ण करा.

३. वयाची अट काय? मी सतरा वर्षांची आहे.

गट सांभाळायला १८ पूर्ण हवीत. कायद्याच्या नजरेत अठराच्या आतली व्यक्ती स्वतःच बालक असते, तिच्यावर दुसऱ्या बालकांची जबाबदारी कशी टाकणार? काही ठिकाणी सोळा-सतराच्या मुलांना मदतनीस म्हणून घेतात, साहित्य लावायला, खेळात मदत करायला. ते विचारून बघा.

वरची अट सहसा नसते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. मुलं त्यांना आजी म्हणायची, आणि रात्री सगळ्यात आधी शांतता त्यांच्याच तंबूत व्हायची.

४. मला ट्रेकिंग, रॅपलिंग काहीच येत नाही. अर्ज करू का?

करा. दोराच्या खेळांसाठी वेगळी प्रशिक्षित माणसं असतात, निदान असायला हवीत (प्रश्न १२ पाहा). तुम्ही उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगहून २८ दिवसांचा बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स केला असेल तर प्रमाणपत्र जरूर आणा, पण नसेल म्हणून अडत नाही.

अडतं ते फुगवून सांगितल्यावर. एकानं अर्जात लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारच्या गाठी येतात.’ आमच्या टेबलावर नेहमी दोराचा एक तुकडा पडलेला असतो. तो पुढे सरकवला आणि म्हटलं, फिगर ऑफ एट मारून दाखव. पाच मिनिटं झटापट करून त्यानं जी गाठ मारली ती शेवटी कात्रीनं सोडवावी लागली. त्याच दिवशी आलेली दुसरी मुलगी दोर बघून म्हणाली, ‘मला बुटाची नाडी सोडून काही येत नाही, शिकवाल का?’ तिला घेतलं.

५. अनुभव शून्य आहे. मग सांगू काय?

शून्य कुणाचाच नसतो, तुम्ही तो अनुभव म्हणून मोजत नाही एवढंच. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर केलंय? मग दीडशे माणसांच्या जेवणाच्या पंगतीत वाढलं असेल. सोसायटीच्या गणपतीत लहान मुलांचं नाटक बसवलंय? मावशीची दोन मुलं सुट्टीभर सांभाळलीत? शेजारच्या पाचवीतल्या पोराला अपूर्णांक शिकवलेत? यातला एक प्रसंग निवडा आणि त्यातली अडचण सांगा. नाटकात ऐन वेळी सिंह रडायला लागला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आम्हाला ऐकायचंय.

एक वाक्य मात्र घरी ठेवून या: ‘मला लहान मुलं खूप आवडतात.’ ते प्रत्येक जण म्हणतो. घासून-पुसून आलेली, गाणं म्हणणारी मुलं सगळ्यांनाच आवडतात. आम्हाला विचारायचं असतं ते चौथ्या दिवशीच्या, मोजे न बदललेल्या, तुमच्यावर चिडलेल्या मुलाबद्दल.

६. मुलाखतीत नेमके कोणते प्रश्न येतात?

‘स्वतःबद्दल सांगा’ दोन मिनिटांत उरकतं. मग प्रसंग सुरू होतात. एक मुलगा दोन दिवस फक्त भात-मीठ खातोय. दोघींचं भांडण झालं आणि एकीनं दुसरीच्या बॅगेत पाणी ओतलं. एकानं मोबाईल लपवून आणलाय आणि रात्री पांघरुणाखाली उजेड दिसतोय. गड अर्ध्यावर आलाय आणि एक जण बसकण मारून म्हणतोय, ‘मी येत नाही, जा.’

माझा स्वतःचा आवडता प्रश्न असा होता: रात्रीचे दोन वाजलेत. नऊ वर्षांच्या मुलानं अंथरूण ओलं केलंय. तो जागा आहे, पण कुणाला कळू नये म्हणून हलत नाहीये. काय कराल?

बहुतेक जण म्हणतात, ‘मी त्याला समजावीन.’ रात्री दोन वाजता काय समजावणार? तिथे हाताला काम असतं. टॉर्च त्याच्या तोंडावर नाही, जमिनीकडे धरायचा. त्याच्याच बॅगेतून कोरडी पँट काढून द्यायची आणि आपण पाठ फिरवायची. तोवर बाहेरच्या दादाला हळूच हाक मारायची (का, ते प्रश्न ९ मध्ये). गादी उलटी करून वर कोरडी चादर टाकायची. यातलं काहीही बोलून दाखवायचं नाही.

आणि सकाळी? एका वर्षी कॉमर्सची एक मुलगी आली होती. ती जरा थांबून म्हणाली, ‘सकाळी मी सगळ्या तंबूलाच सांगेन, आज अंथरुणं उन्हात टाकायचा दिवस. दहा चादरी दोरीवर पडल्या की त्यातली ओली कोणती, कोण बघतंय?’ आम्ही तिला पुढचा प्रश्न विचारलाच नाही. (हे उत्तर पाठ करून येऊ नका. प्रश्न आता बदललाय.)

प्रसंग कुठलाही असो, त्यामागून एक उपप्रश्न हमखास येतो: ‘तुम्ही या एकाकडे बघताय, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत?’ इथे भले भले अडकतात. गडावर बसलेल्या मुलापाशी तुम्ही थांबलात तर पुढे गेलेल्यांबरोबर कोण आहे, हे तुमच्या उत्तरात आधीच आलं पाहिजे.

७. ‘मूल घरी जायचं म्हणून रडतंय’ यावर काय उत्तर अपेक्षित असतं?

हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की त्याला वेगळा प्रश्न दिलाय. अपेक्षित एकच गोष्ट आहे: खोटं बोलायचं नाही. ‘उद्या आई येणार आहे’ असं सांगून तुम्ही आजची रात्र काढाल, पण उद्या संध्याकाळी ते मूल फाटकाजवळ जाऊन उभं राहील.

घरची आठवण दिवेलागणीला सगळ्यात जास्त येते. त्या वेळी मुलाला मोकळं ठेवू नका, काम द्या. ताटं मोजायला लावा, कंदील धरायला सांगा, स्वयंपाकघरातल्या मावशींना मीठ नेऊन द्यायला पाठवा. रडू थांबलंच पाहिजे असं नाही, रडत रडतही ताटं मोजता येतात. घरी फोन लावायचा की नाही हे तुम्ही परस्पर ठरवत नाही, शिबिरप्रमुख ठरवतात, आणि मुलाखतीत हे म्हणून दाखवलंत तर बरं दिसतं. ताप, उलट्या, सलग दोन वेळा न जेवणं असलं काही असेल तर ती घरची आठवण आहे असं गृहीत धरू नका.

८. एखाद्या मुलानं ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून काही गंभीर सांगितलं तर?

हा प्रश्न हल्ली जवळजवळ सगळीकडे विचारतात, आणि विचारत नसतील तर मला ते खटकेल. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. तुला मदत करायला मला अजून एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल’ इतकं पुरे. शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लगेच लिहून ठेवा. मग शिबिरप्रमुख.

पण प्रमुखांना सांगितलं की तुमची जबाबदारी संपली, असं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणाही व्यक्तीनं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘शिबिराचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं कुणी म्हणालं तरी कर्तव्य तुमचंही आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हा नंबर मुलाखतीत विचारतात, पाठ असू द्या.

९. मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही, असं का म्हणतात? माझ्यावर विश्वास नाही का?

मुलगे हा प्रश्न जरा दुखावून विचारतात. तो नियम ताईंनाही आहे. एका मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद दाराआड किंवा नजरेआड थांबायचं नाही. बोलायचं असेल तर अंगणात, सगळ्यांना दिसेल असं. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या मोठ्या माणसाला कळवून. यात मुलाचं संरक्षण आहे आणि तुमचंही. मुलींच्या निवासात रात्री ताईच असतात, तिथे दादांनी जायचं नाही. मुलाखतीत या नियमावर वाद घालणारा उमेदवार कितीही हुशार असला तरी आम्ही पुढे जात नाही.

मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकणं हाही याच नियमाचा भाऊ. टाकायचे नाहीत.

१०. ‘आत्ता दहा मिनिटं खेळ घ्या’ म्हणतात असं ऐकलं. कोणता तयार करू?

साहित्य न लागणारा आणि तुम्ही लहानपणी खरोखर खेळलेला. विषामृत, शिवाजी म्हणतो, मामाचं पत्र हरवलं, डोंगर का पाणी. नवीन, इंटरनेटवरून काल रात्री शोधलेला खेळ घेणाऱ्यांची तिसऱ्या मिनिटाला नियमांतच गाठ पडते.

आम्ही काय बघतो? नियम तीन-चार वाक्यांत सांगून, एकदा करून दाखवून, लगेच सुरू करता का. उभं कुठे राहता: सूर्य तुमच्या तोंडावर हवा, मुलांच्या पाठीमागे, नाहीतर सगळी डोळे मिचकावत बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आऊट झालेल्यांचं काय करता. शिवाजी म्हणतोमध्ये पहिल्या मिनिटाला बाद झालेलं मूल पुढची नऊ मिनिटं माती उकरणार आणि मग शेजाऱ्याच्या डोक्यात टाकणार. त्याला परीक्षक करा, किंवा बाद करणंच काढून टाका. खेळ रंगात असताना थांबवता आला तर अजून एक गुण.

११. प्रथमोपचार किती यायला हवेत?

डॉक्टर व्हायचं नाहीये. काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, ते जास्त विचारतात. मे महिन्यात सगळ्यात जास्त त्रास उन्हाचा. मूल गरगरतंय म्हणालं की सावली, कपडे सैल, ओल्या फडक्यानं अंग पुसणं आणि थोडं थोडं पाणी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवायचं. मोठं पाकीट एक लिटरला असतं, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात असला अंदाजपंचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडानं काही पाजायचं नाही, सरळ दवाखाना.

सापाचा प्रश्न हमखास येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. पण ओळखत बसायचं नाही, मारायला धावायचं नाही. चावलेल्या जागी चिरा नाही, चोखणं नाही, घट्ट दोरी नाही. मुलाला हलू न देता, धीर देत, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. १०८ ला फोन. आणि आग्या मोहोळाच्या आसपास धूर, अत्तर, आरडाओरडा नाही.

स्वतःच्या बॅगेतली गोळी मुलाला कधीही द्यायची नाही, साधी तापाची असली तरी. पालकांनी फॉर्मवर काय लिहिलंय ते आधी. ‘मला हे माहीत नाही, मी विचारीन’ या उत्तराला आमच्याकडे पूर्ण गुण आहेत.

१२. मी त्यांना काही विचारू शकते का? मानधनाचं विचारलं तर वाईट दिसेल का?

वाईट दिसत नाही. काही शिबिरं मानधन देतात, काही फक्त जाण्यायेण्याचा खर्च आणि राहणं-जेवण. शेवटी सरळ विचारा, किती आणि कधी मिळणार. मात्र ‘आधी प्रशिक्षण शुल्क भरा, मग घेऊ’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा.

पैशापेक्षा हे विचाराल तर समोरचे सावरून बसतील: एका मोठ्या माणसामागे किती मुलं? रात्री गाडी आणि चालक मुक्कामी असतो का? जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? ताई-दादांचाही विमा आहे का? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हा दोराचे किंवा पाण्यातले खेळ असतील तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घरून परवानगी मिळत नसलेल्या मुलींनी हीच उत्तरं लिहून आईबाबांना दाखवावीत. ‘खूप छान असतं गं आई’पेक्षा त्याचा उपयोग होतो.

१३. कागदपत्रं आणि कपडे?

आधार, फोटो, शिक्षणाची आणि असतील ती प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जणांचे फोन नंबर (नातेवाईक नकोत, आणि त्यांना आधी विचारून). पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो पण हातात यायला वेळ लागतो, म्हणून निवड व्हायची वाट न बघता करून टाका. कपडे साधे, धुतलेले, खाली मांडी घालून बसता येईल असे. पायात बूट, कारण प्रश्न १०.

१४. माझं इंग्रजी कच्चं आहे. / माझं मराठी कच्चं आहे.

दोन्ही पत्रं सारख्याच संख्येनं येतात. एकाच तंबूत पुण्या-मुंबईची इंग्रजी माध्यमाची मुलं आणि तालुक्याच्या गावची मुलं असतात. कुणाशीही बोलायला लाजत नाही ना, एवढंच बघतो. गोव्याहून आलेला एक दादा कोकणीतच गोष्ट सांगायचा, मुलं अर्धी समजून पूर्ण हसायची.

१५. मला दमा आहे / रोजचं औषध चालू आहे / अंधाराची भीती वाटते. सांगू का?

सांगा, आणि सोबत तुम्ही ते कसं सांभाळता तेही सांगा. पंप खिशात असलेला दमेकरी दादा, दम्याच्या मुलाला चढावर कधी थांबवायचं हे आमच्यापेक्षा नीट ओळखतो. अंधाराची भीती असेल तर रात्रीची गस्त दुसऱ्याला देता येते. लपवलेली गोष्ट दुसऱ्या रात्री उघड झाली की मात्र पंचाईत होते.

१६. मागच्या वर्षी एका शिबिरातून मध्येच निघून आलो. किंवा माझ्या हातून चूक झाली होती. विचारलं तर?

जे झालं ते तसंच सांगा. शिबिराला नावं ठेवत बसू नका. ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा’ हा प्रश्न एरवीही येतोच, आणि त्यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर चालत नाही.

मी माझी सांगते. दुसऱ्याच वर्षी भाटघर धरणाच्या बाजूनं परतत होतो. मुक्कामी उतरल्यावर मुलं मोजली, नऊ. दहावा नाही. डोळ्यांपुढे फक्त पाणी. अकरा मिनिटं आम्ही सगळे ओरडत पळत होतो. तो बसच्या मागच्या सीटखाली, बॅगांच्या मागे गाढ झोपला होता. बसमध्ये चढताना मी मोजलं होतं, उतरताना सीटखाली बघितलं नव्हतं. तेव्हापासून मी रिकामी बस शेवटपर्यंत चालून बघते, अगदी एसटीचीसुद्धा, आणि कंडक्टर माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

१७. अमेरिकेतल्या समर कॅम्पसाठी अर्ज करायचाय. तयारी वेगळी असते का?

प्रसंगांचे प्रश्न जवळपास हेच. कागद वेगळे. तिकडे जे-१ व्हिसातल्या कॅम्प काउन्सेलर गटातून जावं लागतं. वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त चार महिने. आधी प्रायोजक संस्थेची मुलाखत, कॅम्पची स्वतःची मुलाखत, मग वकिलातीतली, म्हणून सुरुवात आदल्या हिवाळ्यातच करा. तिथे मुक्काम आठवड्याचा नसतो, तेव्हा ‘सहा आठवडे घरापासून दूर राहाल का?’ हे तुम्हालाच विचारतात. प्रश्न ७ त्या नजरेनं पुन्हा वाचा.

१८. मुलाखत होऊन दोन आठवडे झाले, काही कळलं नाही. फोन करू का?

करा, पण सकाळी. ‘नाही’ म्हणाले तर राखीव यादीत नाव ठेवायला सांगा. एप्रिलच्या शेवटी कुणाची तरी परीक्षा पुढे ढकलली जाते, कुणाचा पाय मुरगळतो, आणि आम्ही यादी काढून फोन लावू लागतो. तेव्हा पहिल्या रिंगला उचलणारा जातो. बॅग भरून ठेवायला हरकत नाही. टॉर्चचे सेल वेगळे काढून ठेवा.